स्टाफ कोर्सची तयारी: पडद्यावर किती, वर्गात किती?

गुहागर तालुक्यातल्या एका मेजरचा प्रश्न माझ्याकडे आला. त्या सिग्नल्समध्ये, म्हणजे सेनेच्या संदेशवहन विभागात आहेत, पोस्टिंग ईशान्येला, चार वर्षांची मुलगी गावी आजीपाशी. पुढच्या वर्षी स्टाफ कॉलेजची, म्हणजे निलगिरीतल्या वेलिंग्टनला अधिकाऱ्यांना पुढच्या जबाबदाऱ्यांसाठी तयार करणाऱ्या कॉलेजची, प्रवेश परीक्षा द्यायची आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. तयारी ऑनलाइन करावी की रजा टाकून प्रत्यक्ष वर्गाला जावं? सीनियर म्हणतात पडद्यावर शिकलेला अधिकारी कच्चाच राहतो, यात तथ्य किती? आणि सीओंनी, म्हणजे युनिटच्या प्रमुखांनी, युनिटमधल्या तरुण अधिकाऱ्यांचे वर्ग ऑनलाइन करण्याचं काम त्यांच्याकडे सोपवलंय, ते कसं करावं?

मी पायदळात होतो. मधली काही वर्षं डीएस (डायरेक्टिंग स्टाफ) म्हणून काढली, म्हणजे अधिकाऱ्यांचा एकेक गट हाताखाली घेऊन त्यांच्याकडून चर्चा आणि लेखन करवून घेणारा. निवृत्तीनंतर दापोलीला असतो आणि परीक्षेला बसणाऱ्यांना फोनवर, इंटरनेटवर जमेल तशी मदत करतो. दोन्ही प्रकार हाताळलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

मेजर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. परीक्षेची तयारी ऑनलाइन करा आणि रजा लेकीसाठी ठेवा. कायदा, प्रशासन, लष्करी इतिहास, चालू घडामोडी हे सगळं वाचून, लिहून आणि कुणाकडून तरी तपासून घेऊन येतं. त्यासाठी समोर बसलेला शिक्षक लागत नाही. लागतो तो पेपर वेळेवर आणि कसून तपासणारा माणूस. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. १८७० साली स्थापन झालेली युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया ही संस्था अधिकाऱ्यांच्या परीक्षांसाठी पत्राद्वारे कोर्स चालवत आली आहे. चौकीवर बसून पेपर लिहायचा, टपालात टाकायचा आणि लाल शेऱ्यांसह तो परत येण्याची वाट बघायची, हे माझ्या पिढीने केलंय. अमेरिकेत न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजने पत्राद्वारे शिक्षण १९१४ सालीच सुरू केलं होतं. लांब बसून शिकणाऱ्या अधिकाऱ्याला कच्चा म्हणायचं तर बऱ्याच नावाजलेल्या माणसांना कच्चं म्हणावं लागेल.

टॅक्टिक्सचे, म्हणजे लढाईच्या डावपेचांचे, पेपर मात्र वेगळे. नकाशा वाचता येणं आणि जमीन वाचता येणं यांत फरक असतो, आणि दुसरी गोष्ट पडद्यावर येत नाही. तुमच्या स्टेशनवर एखादा स्टाफ कॉलेज करून आलेला अधिकारी असेलच. त्याला आठवड्यातून एकदा गाठा. त्याच्याबरोबर एखाद्या टेकडीवर जाऊन उभ्या राहा आणि समोर दिसतंय त्यावर तिथल्या तिथे बोला: कंपनी कुठून वर चढेल, मोर्टार कुठे लावाल, जखमींना कुठून खाली आणाल. नकाशातल्या दोन समोच्च रेषांमधली वाट प्रत्यक्षात निसरड्या कातळातून जाते, हे कळायला बूट चिखलात जावे लागतात. एवढा भाग प्रत्यक्ष झाला की बाकीचं पडद्यावर निभतं.

आता सीनियरांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, फक्त ते बोट चुकीच्या जागी ठेवतात. व्याख्यान वर्गात ऐकलं काय आणि रेकॉर्डिंग ऐकलं काय, फारसं बिघडत नाही. रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा ऐकता येतं, हा फायदाच आहे. मोठ्या सभागृहात शेकडो अधिकारी बसवून दिलेलं दुपारच्या जेवणानंतरचं व्याख्यान कोणाच्या किती लक्षात राहतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वर्गाचं मोल दुसरीकडे आहे, सिंडिकेटमध्ये. स्टाफ कॉलेजात साधारण दहा-बारा अधिकाऱ्यांचा गट असतो. पायदळाचा, तोफखान्याचा, नौदलाचा, हवाई दलाचा, कधी परदेशी पाहुणा, असे सगळे एका टेबलाभोवती बसतात आणि एकाच प्रश्नावर डोकं घालतात. तिथे काय होतं ते आपल्याच किनाऱ्याच्या उदाहरणाने सांगतो, कारण हा प्रश्न मी अनेक गटांना घातलाय.

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरवलं गेलं. त्यानंतर नौदल, तटरक्षक दल, पोलिस आणि कस्टम्स यांच्या एकत्रित गस्तीसाठी ऑपरेशन स्वान सुरू झालं. तरीही २००८ च्या नोव्हेंबरात दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावून मुंबईपर्यंत आलेच. हा इतिहास पुस्तकात आहे, तो घरी वाचून या म्हणून सांगायचं. वर्गात प्रश्न असा: ऑगस्टचा पहिला आठवडा आहे, श्रीवर्धन आणि बाणकोटच्या मध्ये कुठेतरी संशयास्पद माल उतरणार अशी खबर आहे, पक्की जागा माहीत नाही. तुमची योजना मांडा.

एका गटात पायदळाचा एक हुशार मेजर उठला आणि दोन मिनिटांत फळ्यावर योजना काढली. सगळ्या बोटी बंदरात रोखा, जेट्ट्यांवर पहारे बसवा, रस्त्यांवर नाके लावा. दिसायला चोख. तटरक्षक दलाचा अधिकारी शेजारीच बसला होता. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. दोन महिने कमाई नाही, कर्ज काढून डिझेल आणि बर्फ भरलाय, आणि बोट पाण्यात घालायच्या दिवशी तुम्ही त्यांना अडवणार. उद्या तुम्हाला खबर कोण देईल?" मेजर चिडला. आवाज चढले. हवाई दलाच्या अधिकाऱ्याने मध्ये पडून विचारलं की पावसाळी ढगांच्या त्या छतात तुम्हाला वरून काय दिसेल अशी अपेक्षा आहे. चहाची वेळ झाली. चर्चा अर्धवट सुटली आणि मी ती मुद्दाम तशीच सोडली.

चहाच्या कपासह ते दोघे व्हरांड्यात उभे होते. मेजर तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्याला विचारत होता की उधाणाच्या भरतीला बोट खाडीत किती आत येऊ शकते आणि ओहोटीला कुठे अडकते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःहून नवी योजना आणली. बोटी समुद्रात जाऊ द्यायच्या, मच्छीमार सोसायट्यांच्या मंडळींना आदल्या रात्री विश्वासात घ्यायचं, आणि पहारा बंदरांवर न लावता भरतीच्या वेळा बघून खाड्यांच्या तोंडांशी लावायचा, कारण माल उतरवायचा तर भरतीच्या त्या दोन-तीन तासांतच. त्याला मी काहीच शिकवलं नव्हतं. कामाचं जे घडलं ते चहात आणि त्या रात्रीत घडलं. पडद्यावर हेच भांडण झालं असतं तर चर्चेची वेळ संपताच दोघांनी खिडकी बंद केली असती आणि आपापल्या मतासह झोपले असते.

आणि पुढचंही लक्षात घ्या. हे दोन अधिकारी काही वर्षांनी किनाऱ्याच्या सुरक्षेशी संबंधित हुद्द्यांवर आले, तर फोन उचलून पहिलं वाक्य काय बोलायचं हे दोघांना माहीत असेल. वेलिंग्टनचा कोर्स साधारण ४५ आठवड्यांचा असतो, कुटुंबं सोबत असतात, मुलं एकत्र शाळेत जातात. त्या ओळखीचं मोल परीक्षेच्या गुणांत मोजता येत नाही, पण लढाईत आणि आपत्तीत ते रोख वसूल होतं. म्हणून स्टाफ कोर्स पूर्णपणे ऑनलाइन करावा असं मी कधीच म्हणणार नाही. तुम्हाला तिथे जागा मिळाली तर लेकीला घेऊन जा. निलगिरीची हवा तिलाही मानवेल.

एक गोष्ट मात्र वर्गाच्या बाजूने बोलणारे सांगत नाहीत. टेबलाभोवतीच्या चर्चेत हुद्दा आणि आवाज यांचं वजन पडतं. सगळ्यात मोठ्याने बोलणारा सगळ्यात बरोबर वाटायला लागतो. मी निवृत्तीनंतर किनाऱ्याचाच प्रश्न, थोडा बदलून, लेखी चर्चेसाठी दिला होता: प्रत्येकाने आठवडाभरात आपलं उत्तर लिहायचं आणि दुसऱ्या दोघांच्या उत्तरांवर शेरा लिहायचा. त्यात एक अबोल कॅप्टन होता. एरवी प्रत्येक बोलण्यात "येस सर" च्या पुढे न जाणारा. त्याने दाभोळच्या खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्याबद्दल असं काही लिहिलं की बाकीचे गप्प झाले: पावसाळ्यात वाशिष्ठीचा गाळ कसा येऊन साचतो, अनोळखी तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) तिथे रात्री बोट घालायला का धजणार नाही, आणि म्हणून बाहेरचा माणूस स्थानिक वाटाड्याशिवाय येणं कसं कठीण. त्याला विचार करायला वेळ लागत होता आणि लेखी चर्चेने तो दिला. तुमच्या युनिटमध्येही असा एखादा असेल. फक्त बोलण्यावर गुण दिलेत तर तो सापडणार नाही.

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो. ऑनलाइन कोर्स फसतात तेव्हा दोष तंत्राला दिला जातो. नेटवर्क नव्हतं, आवाज येत नव्हता, स्लाइड दिसत नव्हत्या. माझ्या पाहण्यात बहुतेक कोर्स वेळ न दिल्यामुळे फसले. निवासी कोर्सची सगळ्यात मोठी ताकद अशी की अधिकारी युनिटमधून सुटतो. मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे कोर्सला रवाना होण्याचा लेखी हुकूम, निघते, चार्ज दुसऱ्याकडे जातो, फोन वाजायचा थांबतो. ऑनलाइन कोर्सला मूव्हमेंट ऑर्डर नसते. अधिकारी खुर्चीतच असतो, म्हणून तो रिकामाच आहे असं धरलं जातं. दिवसा परेड, ऑफिस, इन्स्पेक्शनची तयारी, कोर्ट ऑफ इन्क्वायरी, आणि रात्री साडेदहानंतर अभ्यास. शिक्षण युनिटला फुकटात पडतं आणि त्याची किंमत अधिकाऱ्याची झोप आणि घरचे चुकवतात. तुमच्यासारख्या आईच्या बाबतीत ती किंमत संध्याकाळचा व्हिडिओ कॉल असते. पोरीशी बोलायचं की पेपर लिहायचा, हा प्रश्न कुठल्याही अधिकाऱ्यावर येऊ नये. २०२२ साली स्थलसेनेतल्या सहा महिला अधिकारी पहिल्यांदाच स्टाफ कोर्सची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ती संख्या वाढायची असेल तर हुशारीची उणीव शोधण्याआधी अभ्यासाचे तास कुठून येतात ते बघा.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं, सीओंनी सोपवलेल्या कामाचं, उत्तर इथूनच सुरू करा. सॉफ्टवेअर कुठलं, हा प्रश्न नंतरचा. आधी सीओंकडून ट्रेनिंग प्रोग्रॅममध्ये आठवड्यातल्या दोन दुपारी लेखी लिहून घ्या, ज्या दिवशी या तरुण अधिकाऱ्यांना ड्युटी लागणार नाही. "जमेल तसं बघू" यावर काम सुरू करू नका. दोन दुपारी मिळत नसतील तर एक मागा, पण ती अढळ असू दे.

मग विषयांची वाटणी करा. इंटरनेटवर काय बोलायचं आणि काय नाही, यात कुठलीही ढिलाई नको. २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याचं सांगितलं आणि सरकारी अधिकाऱ्यांनी कार्यालयीन कामासाठी ते वापरू नये असं कळवलं. त्याच वर्षी जुलैत स्थलसेनेने जवान-अधिकाऱ्यांना ८९ ॲप मोबाइलमधून काढून टाकायला सांगितले. सिग्नल्सच्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. जे छापील पुस्तकात आणि वर्तमानपत्रात आहे तेवढंच सार्वजनिक जाळ्यावर: लष्करी इतिहास, आंतरराष्ट्रीय कायदा, भूगोल, नेतृत्व, लेखनाचा सराव. आपली रचना, आपल्या जागा, आपली साधनं यांबद्दलचं सगळं बंद खोलीत किंवा सेनेच्या स्वतःच्या जाळ्यावर. कोणी काल्पनिक एक्सरसाइज म्हणून आपल्याच सेक्टरचा नकाशा व्हॉट्सॲपवर टाकला तर त्याच दिवशी थांबवा आणि वरिष्ठांना कळवा.

याला जोडून एक नाजूक बाब आहे. पडद्यावर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दिसला की अधिकारी जपून बोलायला लागतो. चांगल्या सिंडिकेटमध्ये कॅप्टन उठून म्हणू शकतो की या मोहिमेत वरिष्ठांचा निर्णय चुकला, आणि डीएस त्याला म्हणतो, मग तू काय केलं असतंस ते मांड. खोलीतलं बोलणं खोलीतच राहील या भरवशावर हे चालतं. म्हणून चर्चा रेकॉर्ड करू नका. व्याख्यान करा, चर्चा नको.

माध्यम जितकं साधं तितकं चांगलं, हे मला कोकणानेच शिकवलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे विजेचे खांब काडीसारखे मोडले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती आणि मोबाइलचे टॉवर मुके होते. त्या काळात माझ्याकडे रजेवर घरी अडकलेले दोघे-तिघे अधिकारी परीक्षेची तयारी करत होते. व्हिडिओवर आधारलेलं सगळं पहिल्याच दिवशी बंद पडलं. ज्यांच्याकडे धडे कागदावर छापलेले होते आणि प्रश्न आधीच दिलेले होते त्यांचं काम अडलं नाही. टॉवर थोडा वेळ जागा झाला की ते एखाद्या घाटीवर चढून फोन करायचे, दहा मिनिटांत शंका विचारायचे आणि पुन्हा खाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमची तयारी त्याच पद्धतीची होती. ईशान्येतल्या तुमच्या चौक्यांवरही जाळं येतं-जातंच. तेव्हा महिन्याभराचं साहित्य एकदम उतरवून घेता येईल असं द्या, पीडीएफ लहान ठेवा, व्हिडिओ असेल तर त्याची लेखी प्रत सोबत द्या, आणि साध्या फोनवर पंधरा मिनिटांची शंका-वेळ ठेवा.

पेपर तपासण्यावर कंजुषी करू नका. ऑनलाइन शिकवणं म्हणजे शिक्षकाचं काम कमी, हा गैरसमज वरच्या मंडळींत सर्रास आहे. वर्गात एका वाक्यात सांगून होतं ते इथे प्रत्येकाच्या उत्तरावर लिहावं लागतं. एका तपासनीसाकडे आठ-दहापेक्षा जास्त उत्तरपत्रिका देऊ नका, नाहीतर शेरे "गुड" आणि "सी मी" एवढ्यावर येतील. अलीकडे चॅटबॉटकडून लिहून घेतलेले निबंधही येतात. त्यावर उपाय जुनाच: लेखकाला फोन लावा आणि त्याच्याच तिसऱ्या परिच्छेदाबद्दल उलट प्रश्न विचारा. दोन मिनिटांत कळतं.

आणि माणसं एकत्र आणायची संधी सोडू नका. अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजचा दूरस्थ कोर्स दोन वर्षांचा असतो, पण त्यात दोनदा दोन-दोन आठवडे सगळ्यांना कार्लाइलला, कॉलेजच्या गावी, बोलावतात. न्यूपोर्टवाल्यांनी आणखी सोपा मार्ग काढलाय. नौदलाचे अधिकारी जिथे मोठ्या संख्येने आहेत अशा शहरांत ते संध्याकाळचे साप्ताहिक वर्ग चालवतात, अधिकारी आपली नोकरी सांभाळून तिथे जातो आणि समोरासमोर भांडतो. आपल्याकडे हे सहज जमण्यासारखं आहे. मुंबई, पुणे, गोवा या पट्ट्यात तिन्ही दलांचे आणि तटरक्षक दलाचे किती अधिकारी आहेत बघा. नौदलाचं वॉर कॉलेज गोव्यात, खडकवासल्याला एनडीए. आठवड्यातून एक संध्याकाळ मिश्र सिंडिकेट भरवायला नवी इमारत लागत नाही. किनारी सुरक्षेवर मी वर सांगितला तसा प्रश्न रत्नागिरीत तटरक्षक दल, पोलिस आणि रजेवर आलेले अधिकारी मिळून सोडवू शकले तर मला स्वतःला फार आनंद होईल, आणि दापोलीहून मी येईन.

दापोलीत राहतो म्हणून एक आठवण सांगावीशी वाटते. हे गाव आजही कॅम्प दापोली म्हणून ओळखलं जातं, फौजी पेन्शनरांचं जुनं ठिकाण. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर इथेच येऊन राहिले होते. नोकरीत ते महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्याच महूला आज आर्मी वॉर कॉलेज आहे. फौजेतलं शिक्षण ही मोठ्या अधिकाऱ्यांची चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मंडणगडजवळच्या आंबडव्याच्या या घराण्याकडे बघावं. आजचे अग्निवीर सेवेत असताना एनआयओएस या मुक्त विद्यालयातून बारावी आणि इग्नू या मुक्त विद्यापीठातून पदवी करू शकतात, तीही दूरस्थ पद्धतीने. युनिटमधल्या मोकळ्या दुपारी मागाल तेव्हा त्यांच्यासाठीही मागा. अधिकाऱ्यांना वेळ मिळतो आणि जवानाला नाही, असं झालं तर तुमचा कार्यक्रम सहा महिन्यांत नावापुरता उरेल.

तुमच्या स्वतःच्या तयारीबद्दल शेवटचं. रोज थोडं वाचण्यापेक्षा आठवड्याला एक पूर्ण पेपर घड्याळ लावून हाताने लिहा. टंकलेखनाची सवय झालेला हात परीक्षेत दुखायला लागतो आणि शेवटचा प्रश्न सुटतो, हे दरवर्षी होतं. लिहिलेला पेपर फोटो काढून मला पाठवलात तरी चालेल, फक्त विषय इतिहास, कायदा किंवा चालू घडामोडींचा असू दे. पावसाळ्यात इथे वीज गेली तर उत्तराला एक-दोन दिवस उशीर होईल. तपासून मात्र नक्की पाठवीन.